पापणीला लावलेलं अंडं

माझी माय अंडं हातात घेते, डोळा मिटते आणि अंडं हलकेच पापणीवर टेकवते. दोन-तीन श्वास तसंच धरते. मग तीन शब्दांपैकी एक बोलते: 'गार', 'गोड' किंवा 'कढत'. गोड म्हणजे बरोबर. कोंबडी अंड्यांवरून उठून दाणे टिपायला गेली की माय टोपलीशी बसून एकेक अंडं असं तपासते. अंगावरच्या सगळ्या कातडीत पापणीची कातडी पातळ, म्हणून बोटाला न कळणारा फरक तिथं कळतो. हे कारण मला फार उशिरा समजलं. मायला तर ते कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या सासूनं एकदा करून दाखवलं, तेवढ्यावर तिची चाळीस वर्षं गेली.

जळकोटला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागंच घर. हरभऱ्याला-गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले, की कमी दाबाच्या विजेनं जळालेल्या विहिरीवरच्या मोटारींची दुकानापुढं रांग लागते. मोटारीत नवी तार भरली की तिला वार्निश पाजायचं आणि ते वाळवायचं. त्यासाठी आम्ही मोटारीच्या पोकळीत दोनशे वॅटचा बल्ब सोडतो आणि वरून पोतं टाकतो. रात्रभर मोटार आतून तापत राहते. हे मुद्दाम सांगतोय, कारण अंडी उबवायचा माझा उद्योग ह्या बल्बापासून सुरू झाला.

सात वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मायनं एक गावरान कोंबडी खुडूक बसवली होती. खाली बारा अंडी. तेराव्या दिवशी पहाटे मुंगूस आलं आणि कोंबडीला घेऊन गेलं. दिवस उजाडला तेव्हा टोपलीत नुसती अंडी आणि चार पिसं. मायनं एक अंडं पापणीला लावलं आणि तशीच पदरात सगळी अंडी घेऊन दुकानात आली. "मोटारीला रातभर ऊब द्यायलास, ह्यांला दे की," म्हणाली.

मी पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, त्यात चाळीसचा बल्ब लटकवला, तळाला गव्हाचा भुसा आणि कोपऱ्यात पाण्याची वाटी. माय दर तासाला यायची, अंडं पापणीला लावायची आणि सांगायची, "झाकण सरकव," नाहीतर "लाव." आठ दिवस असे गेले. बारापैकी चार पिलं निघाली. चारच, पण कोंबडीवाचून निघालेली. त्या दिवसापासून मला ह्याचा नाद लागला.

पुढच्या मे महिन्यात मी तीस अंडी गोळा केली, थोडी घरची, बाकी आठवडी बाजारातून. नवं खोकं केलं, एकवीस दिवस जपलं, आणि एकही पिलू निघालं नाही. बाविसाव्या दिवशी अंडी फोडली, तेव्हा कुठं नुसतं पाणचट बलक, कुठं रक्ताची गुठळी, कुठं पूर्ण वाढून आत मेलेलं पिलू. मायनं त्या दिवशी जेवण केलं नाही. माझी नेमकी काय चूक झाली, हे मी तेव्हापासून शिकतोय. उदगीर आमच्यापासून जवळ. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका डॉक्टरांनी मला बसवून पुष्कळ समजावलं, उरलेलं अंड्यांनी शिकवलं.

पहिली चूक अंडी निवडण्यातली होती. दुकानात क्रेटमधून येणारं पांढरं अंडं उबवून काही उपयोग नसतो, कारण ते घालणाऱ्या कोंबडीनं आयुष्यात कोंबडा पाहिलेला नसतो. आठ-दहा कोंबड्यांत एक दमदार कोंबडा हवा. अंडं मध्यम आकाराचं घ्यावं. फार लांबट, फार गोल, खरबरीत कवचाचं किंवा तडा गेलेलं बाजूला ठेवावं. मळकं असलं तरी धुवायचं नाही. कवचावर हजारो बारीक छिद्रं असतात आणि अंडं बाहेर पडतानाच त्यांवर एक पातळ थर बसतो. तो घाण आत जाऊ देत नाही. धुतलं की थर जातो आणि ओल्या छिद्रांतून जंतू आत शिरतात. फार घाण असेल तर ते अंडं पोळीबरोबर खावं, उबवू नये.

दुसरी चूक मे महिन्याची. कोंबडी अंडं घालते तेव्हाच त्यातला जीव काही तास वाढलेला असतो. अंडं गार पडलं की तो थांबतो, एक प्रकारे झोपतो. साधारण वीस-एकवीस अंशांच्या वर गेलं की तो अर्धवट जागा होतो. आमच्याकडं मे महिन्यात घरातसुद्धा पस्तीस-छत्तीस अंश असतं. म्हणजे फडताळात आठ दिवस ठेवलेल्या अंड्यातला जीव ना झोपला, ना वाढला. तो तिथंच कमजोर झाला आणि मेला. मग मी फ्रीज वापरून पाहिला, तोही चुकीचाच, कारण तिथली थंडी फार कडक. आता अंडी मडक्यात ठेवतो. ओल्या वाळूवर जुनं मडकं, मडक्यात तूस आणि त्यात अंडी, निमुळतं टोक खाली. सात दिवसांच्या वर नाही. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या वर नाही. एप्रिल-मेमध्ये शक्यतो उबवणीच नाही. जुन्या बायका कडक उन्हाळ्यात कोंबडी बसवत नसत, ते उगाच नव्हतं.

बाजारातून अंडी आणणंही मी सोडलं. २०२५च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याआधी २०२१च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला शेकडो कोंबड्या मेल्या होत्या. आपल्या देशात हा रोग पहिल्यांदा सापडला तोही महाराष्ट्रातच, २००६ साली नवापूरला. उदगीरची बातमी आली तसं आम्ही खुराडं बंद केलं, उबवायचा डबा बंद केला आणि दोन महिने एक अंडंही बाहेरून आणलं नाही. कुणाच्या कोंबड्यांत काय आहे हे अंड्याकडं बघून कळत नाही.

आताचा माझा डबा थर्मोकोलचा आहे, औषधं येतात तसला जाड. त्यात साठचे दोन बल्ब. दोन अशासाठी, की एक उडाला तरी दुसरा सकाळपर्यंत धरतो. हे बल्ब जुने, तारेचे लागतात. एलईडी उजेड देतो पण ऊब देत नाही, आणि तारेचा बल्ब आता बाजारात शोधावा लागतो. सापडला की मी चार जास्तीचे घेऊन ठेवतो. बल्बांवर पत्र्याचं झाकण आहे, म्हणजे पाण्याचा थेंब उडून काच फुटायला नको आणि पिलू जाऊन चिकटायला नको. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा हवा फिरवतो. तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारं छोटं सर्किट मिळतं, ते बसवलंय. पंखा असेल तर ३७.५ अंश पुरतात. पंखा नसेल तर ऊब वरच्या वर राहते, म्हणून अंड्यांच्या माथ्यापाशी साडेअडतीसच्या आसपास लागतात. सर्किटाच्या आकड्यावर एकदम विश्वास ठेवू नये. मी डॉक्टरी थर्मामीटर शेजारी ठेवून पडताळतो. अर्ध्या-एक अंशाचा फरक मोटारीला काहीच नसतो, अंड्याला फार असतो. सतत एक अंश कमी पडला तर पिलं दोन दिवस उशिरा आणि सुजल्यासारखी निघतात. एक-दीड अंश जास्त झाला तर लवकर निघतात, बेंबी उघडी राहिलेली, पाय लुळे. चाळीसच्या वर काही तास गेले तर पिलं आतच दगावू लागतात. गारठ्यापेक्षा तापणं जास्त घातक, हे नव्या माणसानं आधी मनात धरावं.

अंडी फिरवणं हे काम माझी धाकटी मुलगी करते. अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलनं फुली, दुसऱ्या अंगाला शून्य. सकाळी फुली वर, दुपारी शून्य, संध्याकाळी पुन्हा फुली, झोपताना शून्य, आणि पहाटे मी उठतो तेव्हा एकदा. पाच वेळा, म्हणजे दुसऱ्या दिवशी क्रम उलटतो आणि लांबलचक रात्र रोज एकाच अंगावर जात नाही. फिरवलं नाही तर वाढणारा जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि तिथंच संपतो. कोंबडी हे दिवसरात्र करते. खुडूक कोंबडीशेजारी शांत बसलात तर ऐकू येतं. ती थोडी उठते, चोच पोटाखाली घालते, अंड्यावर अंडं घासल्याचा बारीक आवाज होतो आणि ती पुन्हा बसते. कडेची अंडी मध्ये घेते, मधली कडेला ढकलते. पेन्सिल नाही, वही नाही. अठराव्या दिवशी मुलीचं काम थांबतं. त्यानंतर अंडं हलवायचं नाही.

सातव्या रात्री आम्ही दिवा दाखवतो. खोली पूर्ण अंधारी करायची, मोबाइलच्या टॉर्चवर छिद्र पाडलेला पुठ्ठा धरायचा आणि अंड्याचा रुंद भाग त्या छिद्रावर ठेवायचा. वांझ अंडं पिवळ्या कंदिलासारखं सरळ उजळतं. मेलेलं असेल तर आत रक्ताचं कडं दिसतं, लाल अंगठीसारखं. आणि जिवंत असेल तर लाल रेषांचं जाळं पसरलेलं असतं, मध्ये कोळ्यासारखा एक ठिपका, आणि तो ठिपका हलतो. पहिल्यांदा असं अंडं दिसलं तेव्हा मी मायला हाक मारली. तिनं आयुष्यात शेकडो अंडी बसवली, पण आत कधी पाहिलं नव्हतं. ती माझ्या खांद्याला धरून वाकली. जाळ्यातला काळा ठिपका, तो डोळा, मी तिला दाखवला. तिनं चटकन माझा हात बाजूला सारला. "बंद कर ते. डोळ्यात जाईल त्याच्या."

तेव्हापासून मी दिवा दोन-तीन सेकंदांच्या वर धरत नाही. त्यानं अंड्याला अपाय होतो म्हणून नव्हे. तिनं सांगितलं म्हणून.

सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं वेगवेगळ्या दिवसांची अंडी फोडून आत काय वाढतं ते लिहून ठेवलं. तीन दिवसांनी आत रक्ताचा ठिपका दिसतो आणि तो उडत असतो, हे त्यानं नोंदवलं, आणि ते खरंच आहे. काळीज दुसऱ्या दिवसाच्या शेवटी-शेवटी चालू होतं. आमच्याकडं टॉर्च आहे म्हणून अंडं फोडावं लागत नाही.

आता पाण्याची गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली. मला वाटायचं, अंड्याला ऊब दिली की झालं. पण अंडं एकवीस दिवस श्वास घेतं आणि कवचाच्या छिद्रांतून पाणी सोडत राहतं. जितकं पाणी जातं तितकी रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते, आणि शेवटी पिलू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. पाणी कमी गेलं तर पोकळी लहान राहते आणि पिलू ओलं-ओलं आत गुदमरतं. जास्त गेलं तर पापुद्रा चामड्यासारखा सुकतो आणि पिलाला फिरता येत नाही. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण बारा टक्क्यांनी घटायला हवं. पन्नास ग्रॅमचं अंडं चव्वेचाळीसच्या आसपास यावं. माझ्याकडं तांब्याची तार तोलायचा बारीक काटा आहे, त्यावर मी पाच अंडी ओळीनं तोलतो आणि भिंतीवर खडूनं लिहितो.

पुस्तकात पहिल्या अठरा दिवसांना हवेतली ओल पन्नास-साठ टक्के आणि शेवटच्या तीन दिवसांना सत्तरच्या आसपास सांगतात. आकडा बरोबर आहे, पण फेब्रुवारीत जळकोटला दुपारची हवा इतकी कोरडी असते की दोन परातींत पाणी ठेवूनही ओलीचा काटा पंचेचाळीसवर अडकतो. तेव्हा मी परातीत जुन्या बनियनचा तुकडा अर्धा बुडवून ठेवतो. पाणी कापडातून वर चढतं आणि हवेला जास्त मिळतं. श्रावणात उलटं, परात काढूनच टाकावी लागते, कारण हवाच ओली. आकड्यापेक्षा तराजू खरा. माय अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी कोमट पाण्यात अंडं सोडून बघायची. जिवंत अंडं पाण्यात टुकटुक हलतं. फार सुंदर दिसतं ते, पण कवचाला बारीक तडा असला तर पाणी आत जाऊन पिलू मरतं. आम्ही ते आता करत नाही. ह्या एका बाबतीत तिनं माझं ऐकलं.

वीज जाणं आमच्याकडं नवं नाही. तीन वर्षांपूर्वी मृगाच्या वादळात एका रात्री आठला वीज गेली. डब्यात तीस अंडी, सोळावा दिवस. मी घाबरून गोधड्या आणल्या, चुलीवर पाणी ठेवलं, बाटल्या भरायला घेतल्या. डब्यातलं मीटर पस्तीस दाखवत होतं, मग चौतीस, मग तेहतीस. मी गरम बाटल्या आत सारणार एवढ्यात माय म्हणाली, "थांब." तिनं कंदील बाजूला ठेवला, एक अंडं काढलं आणि पापणीला लावलं.

"गोड आहे."

मीटर तेहतीसवर होतं. मी पुन्हा दाखवलं. तिनं दुसरं अंडं घेतलं, कोपऱ्यातलं. "हेबी गोड आहे. हे लेकरं आता आपलीआपण ऊब धरायलेत. उगा शिजवशील त्यांला." तिनं डब्यावर एक गोधडी टाकायला लावली, हवेची भोकं उघडी ठेवून. मग दर तासाला उठून ती अंडं पापणीला लावत राहिली. रात्री एकच्या पुढं ती म्हणाली, "आता गार व्हायलंय," तेव्हा आम्ही कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेनं ठेवल्या. पहाटे पाचला वीज आली. त्या तिसातून तेवीस पिलं निघाली.

ती रात्र मी कितीदा मनात उलटून पाहिली आहे. दोन आठवड्यांच्या पुढं अंड्यातलं पिलू स्वतः ऊब तयार करतं, इतकी, की भरलेल्या डब्यात आसपासच्या हवेपेक्षा अंडं जास्त तापतं. माझं मीटर हवा मोजत होतं. माय अंडं मोजत होती. मग मागच्या दोन उबवण्यांत लुळी पिलं का निघाली, तेही मला समजलं. शेवटच्या आठवड्यात मी हवा ३७.५वर काटेकोर ठेवली होती आणि आत अंडी त्याहून तापत होती. त्या दिवसांत माय 'कढत' म्हणत होती आणि मी तिला मीटर दाखवत होतो.

इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत अंडी उबवायची कला दोन हजार वर्षांहून जुनी आहे. वरच्या खणात शेण आणि काड्यांचा मंद विस्तव, खालच्या खणात हजारो अंडी. थर्मामीटर नाही. उबवणारी माणसं अंडं उचलून पापणीला लावतात आणि त्यावरून विस्तव वाढवायचा की झाकण काढायचं ते ठरवतात. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं ह्या भट्ट्यांचा अभ्यास करून १७४९ साली त्यावर पुस्तक काढलं. हे मी मायला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तिकडंबी बाया करतात का हे?" मी म्हणालो, बहुतेक बाप्ये. तिला ते पटलं नाही.

आजच्या मोठ्या हॅचरीतही नुसत्या हवेवर भागवत नाहीत. कानात धरून ताप मोजायचा थर्मामीटर असतो, तसला थर्मामीटर अंड्याच्या कवचाला लावून कवचाचं तापमान बघतात आणि त्यावर यंत्र लावतात. कवच ३७.८च्या आसपास राहिलं की पिलं चांगली. आपल्या राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूरला आहेत. मोठ्या केंद्रांत अठरा दिवस एक यंत्र, ज्यात अंडी आपोआप कलतात, आणि शेवटचे तीन दिवस दुसरं यंत्र, ज्यात ती स्थिर असतात आणि ओल जास्त. माझा एकच डबा दोन्ही कामं करतो, म्हणून अठराव्या दिवशी मी परात भरतो, फिरवणं थांबवतो आणि झाकणावर चिकटपट्टी मारतो.

ती चिकटपट्टी माझ्यासाठीच आहे. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी अंड्यातून आवाज यायला लागतो. पिलानं आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत चोच घातलेली असते, फुप्फुसं पहिल्यांदा भरतात आणि ते बोलतं. कोंबडी खाली बसलेली असेल तर ती ह्याच दिवसांत वेगळ्या, खालच्या सुरात घुमायला लागते आणि आतून उत्तर येतं. मग चोचीच्या टोकावरच्या पांढऱ्या कठीण दाण्यानं पिलू कवचाला एक टवका पाडतं. आणि थांबतं. दहा तास, बारा तास, कधी अठरा तास. नव्या माणसाला वाटतं, ते अडकलं, थकलं, मरतंय. पण ते अडकलेलं नसतं. पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या तेव्हा रिकाम्या होत असतात आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. ते झालं की पिलू घड्याळाच्या उलट दिशेनं हळूहळू फिरतं, कवच गोल कापत जातं आणि पायानं टोपी ढकलून देतं.

माझ्या तिसऱ्या उबवणीत मी सहा तास वाट पाहिली आणि चिमट्यानं कवच काढायला गेलो. पापुद्र्यातून लाल भडक रक्त आलं. पिलू हातात आलं तेव्हा पोटाला पिवळा बलक लोंबत होता. अर्ध्या तासात गेलं. मायनं ते ओल्या फडक्यात गुंडाळून परसात लिंबाखाली पुरलं आणि मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. आणखी एक गोष्ट: झाकण उघडलं की ओल एकदम निघून जाते आणि बाकीच्यांचे पापुद्रे सुकून पिलांना आवळून बसतात. एकाला वाचवायला जाऊन चौघं जातात.

निघालेली पिलं सुकून फुलेपर्यंत डब्यातच राहू द्यावीत. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस काही न खाता जगतात. त्याच जोरावर एक दिवसाची पिलं खोक्यांतून गावोगावी पाठवता येतात. बाहेर काढल्यावर पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. पिलं बल्बाखाली ढीग करून बसली तर गार आहे, कडेला पळून चोच वासून बसली तर गरम. आधी गुळाचं पाणी, मग ज्वारीची आणि तांदळाची कणी. पाचव्या-सातव्या दिवशी मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. तिला लासोटा म्हणतात, आणि ती दवाखान्यातून बर्फावरच आणावी लागते. मानमोडी एकदा खुराड्यात शिरली की आठ दिवसांत खुराडं रिकामं होतं. आमच्या गल्लीत मी ते पाहिलंय. ह्या एका थेंबात कुणी कंजूषी करू नये.

पण पिलांना बल्बाखाली वाढवणं मला कधी मनापासून आवडलं नाही. ती मोठी होतात, पण घारीची सावली आली तर उभी राहून बघतात. कुणी शिकवलेलं नसतं. आणि हल्लीच्या सुधारित जातींच्या कोंबड्या, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज असो की हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराज, खुडूक जवळजवळ बसतच नाहीत. जास्त अंडी हवीत म्हणून माणसानं तो गुण पिढ्यान् पिढ्या निवडून बाजूला काढला. खुडूक बसलेली कोंबडी अंडं घालत नाही, म्हणून काही लोक तिला पाण्यात बुचकळतात, नाकात पीस घालतात. आमच्या घरी ते चालत नाही. खुडूक कोंबडी ही मायच्या लेखी घरातली सगळ्यात कामाची कोंबडी.

कारण आता आम्ही दोन्ही जोडलंय. डब्यात अंडी लावली त्याच आठवड्यात एखादी गावरान कोंबडी खुडूक आली की माय तिच्याखाली चार अंडी ठेवते, ती बसून राहावी म्हणून. डब्यातली पिलं निघाली, सुकली, की त्याच रात्री त्यांना तिच्या हवाली करायचं. रात्रीच. दिवसा कोंबडी टोचते, ओळखते. पिलं एक-दोन दिवसांचीच हवीत, त्याहून मोठी झाली तर तीच तिला आई मानत नाहीत.

गेल्या कार्तिकात डब्यातून सोळा निघाली. रात्री नऊला दिवा विझवला. माय खुराड्याच्या तोंडाशी बसली, मी शेजारी टोपलीत पिलं घेऊन. तिनं डाव्या हातानं कोंबडीचा पंख जरासा उचलला, उजव्या हातानं खालचं एक अंडं काढलं आणि त्या जागी एक पिलू सारलं. कोंबडी फुगली, खुर्रर्र करून चोच मारायला आली, मायच्या मनगटावर मारली. मायनं हात हलवला नाही. पिलू आत चिवचिवलं. कोंबडीचा आवाज बदलला, तो खालचा घुमणारा सूर आला आणि पिलू गप्प झालं. मग दुसरं, तिसरं. शेवटची दोन तिनं छातीच्या बाजूनं सारली, कारण पंखांखाली जागा उरली नव्हती. अंधारातच तिनं बोटांनी मोजलं. "सोळा," म्हणाली. मग डालगं ओढून वर टाकलं, परसातला मोठा धोंडा मला उचलून आणायला लावला आणि मुंगसाच्या वाटेच्या बाजूला नीट दाबून बसवला.